जेवणाच्या टेबलावरचा डाव

तिनं टेबलावरची ताटं-वाट्या उचलल्या आणि मधोमध पुस्तकांची आडवी रांग लावली. मुलीची जुनी, जाडजूड पाठ्यपुस्तकं एकदाची कामाला आली.

"हे काय आता?" नवऱ्यानं दारातूनच विचारलं.

"जाळी."

हात थरथरायला लागल्यापासून त्यानं सलून पुतण्याच्या ताब्यात दिलं होतं. ज्या हातानं उभी हयात लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला आणि कधी ओरखडा उठू दिला नाही, त्या हातातून आता चमचासुद्धा निसटायचा. घरात सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत. त्यानं तर बोलणंच टाकलं होतं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली होती, "काका, टेबल टेनिस खेळा. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या बड्या लोकांनी जेवणाच्या टेबलावरच सुरू केला हा खेळ, पुस्तकांची जाळी करून. आता जगात कुठंही जा, टेबल मांडलेलं दिसतं. हात थरथरणाऱ्यांच्याही स्पर्धा होतात."

"बड्या लोकांना जेवण पचत नसेल," तो पुटपुटला होता.

कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून टोमणा निघाला होता. तेवढ्यावरच तिनं दोन बॅटी विकत आणल्या.

सुरुवातीला खेळणं कमी आणि वाकणंच जास्त. चेंडू कपाटाखाली जायचा, ती झाडूनं बाहेर काढायची. मग हळूहळू तो पुस्तकांवरून परत यायला लागला. हात थरथरायचाच, पण चेंडू समोर आला की त्याला थरथरायला जणू सवड मिळत नसे.

एका दुपारी सलग तिसरा डाव जिंकल्यावर त्यानं बॅट टेबलावर आपटली.

"मुद्दाम हळू मारतेस तू."

"मी कशाला—"

"दया नको मला. खेळायचं तर नीट खेळ, नाहीतर उचल ती पुस्तकं."

तिनं बाह्या वर सारल्या. पुढचा डाव दोघंही जीव खाऊन खेळले. ती दहा, तो नऊ. त्यानं सणसणीत फटका मारला. चेंडू टेबलाच्या कडेला चाटून खाली गेला. तिनं ते पाहिलं. कडेचा तो बारीक आवाजही ऐकला.

"बाहेर," ती म्हणाली. "जिंकले मी."

"बाहेर? अगं, कडेला लागला!"

"नाही लागला."

"खोटारडी! लग्न ठरलं तेव्हापासून अशीच आहेस!"

"आणि तुम्ही रडे!"

तिनं आवाज चढवला, त्यानं त्यावर आणखी चढवला. शेवटी शेजारच्या मावशींनी दार ठोठावलं.

"काय गं, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे, मावशी. हरलेत, पण कबूल करत नाहीत."

"साफ खोटं!" आतून आवाज आला, भरल्या सलूनमध्ये घुमायचा तसा. "मावशी, आत या. तुम्हीच करा न्याय!"

तिनं दार सताड उघडलं.

"या," ती म्हणाली. "आज काही हे लवकर गप्प बसायचे नाहीत."