बॉयलर विभागातला फोन

रजेचे फोन घेणारा कारकून त्या सकाळी स्वतःच तापाने पडला, म्हणून कारखान्याच्या कचेरीतला फोन तिथेच हिशेब पाहणाऱ्या काकूंकडे आला. एका ड्रायव्हरची कंबर धरली होती, पॅकिंगवाल्या बाईचं मनगट सुजलं होतं आणि कँटीनच्या आचाऱ्याला सर्दी झाली होती.

"शिंकणारा आचारी घरीच बरा," काकू हसून म्हणाल्या.

पुन्हा फोन वाजला. "बॉयलर विभागातला कामगार बोलतोय. छातीत दुखतंय, आज येत नाही."

काकू खुर्चीतून ताडकन उठल्या. तो त्यांच्या नवऱ्याचा आवाज होता. तासाभरापूर्वीच तो कामावर म्हणून घरातून निघाला होता.

"अहो, मी बोलतेय! कुठे आहात तुम्ही?"

"दवाखान्यात. आठवडाभर दुखतंय. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही."

"कचेरीला कळवलंत आणि बायकोला नाही?"

काकू धावतपळत दवाखान्यात पोहोचल्या. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आले, म्हणून वाचले." नवरा ओशाळून हसला. काकूंना मात्र हसू येईना, रडूही येईना. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.