आरायानची काडी

कोर्नेयाच्या पेन्शनर मंडळाने ग्रानादाची सहल ठरवली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद एन्कार्नाला व्हायला हवा होता. जन्म तिथला, बाप तिथल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या बागेतला माळी. बार्सिलोनाच्या कडेच्या त्या कारखान्यांच्या वस्तीत बावन्न वर्षं काढली, पण तिने ग्रानादा सोडून दुसऱ्या गावाचं कौतुक केलं असेल तर शपथ. तरी सहलीचं नाव निघालं तशी ती हळूच दाराकडे सरकली. त्यातून तिची जुनी मैत्रीण रेमेदिओस भर बैठकीत उठून म्हणाली, वाटाड्या हवाय कशाला, आपली एन्कार्ना आहे की. चौतीस म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

गोष्ट अशी होती, की एन्कार्नाने अल्हाम्ब्रा आतून कधी पाहिलाच नव्हता.

यात नवल काही नाही. ग्रानादात अशी माणसं ढिगाने सापडतील. समोरच्या टेकडीवर तो रोज दिसतो, गच्चीवर धुणं वाळत घालताना दिसतो, मग मुद्दाम उठून जायचं कशाला? जाऊ की पुढच्या रविवारी. एन्कार्नाचा बाप सेराफीनही हेच म्हणायचा. ती दुपारी मसुराचा डबा घेऊन नदीकडून वर जाणारा गोट्यांचा चढ चढायची आणि माळ्यांच्या लहान दाराशी उभी राहायची. तो बाहेर यायचा. भिंतीच्या सावलीत बसून जेवायचा, ती त्याच्याकडे बघत बसायची. त्याच्या हातांना कायम आरायानचा वास. आरायान म्हणजे तिथल्या हौदांच्या कडेची ती हिरवी, दाट झुडपं; तो ती चाळीस वर्षं छाटत होता. "एका रविवारी तुला सगळं दाखवतो, पोरी," म्हणायचा. पण रविवारी तो दुसऱ्यांच्या बागा करायचा, आणि तो रविवार काही उजाडला नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती गिरणीच्या कामासाठी घर सोडून निघाली. बाप कामावरून थेट स्टेशनात आला, मातीच्या बुटांनिशी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली आरायानची मूळ फुटलेली काडी त्याने तिच्या हातात ठेवली. तो राहा म्हणेल असं तिला वाटलं होतं. म्हणाला असता तर ती राहिलीही असती. तो म्हणाला, "पाणी बेताने घाल." बस्स, एवढंच. चार वर्षांनी तो गेला, तेव्हा ती नुकती बाळंत झाली होती. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

गिरणीत सगळ्याच बायका दक्षिणेकडून आलेल्या. जेवणाच्या सुट्टीत जी ती आपल्या गावच्या गोष्टी सांगायची. हाएनची रेमेदिओस त्यांच्या ऑलिव्हच्या रानांचं एवढं कोडकौतुक करायची, की एक दिवस एन्कार्नाला राहवलं नाही. तिने सांगून टाकलं, की आपण लहानपणी राजवाड्याच्या हौदाभोवती शिवणापाणी खेळायचो आणि कारंज्याभोवतीच्या दगडी सिंहांच्या पाठीवर बसून भाकरतुकडा खायचो. एक थाप मारली की ती सांभाळायला दुसरी लागते. पन्नास वर्षांत त्या थापांचं असं रान माजलं, की खरं काय ते तिचं तिलाही धड आठवेना.

सहलीआधी तीन आठवडे ती माहितीचं पुस्तक न्हाणीघरात लपवून वाचत होती. सगळं पाठ झालं, आणि बसमध्ये बसल्याबरोबर सगळं विसरली.

वर जाताना माळ्यांचं लहान दार दिसलं. तसंच होतं, फक्त रंग नवा. ती मान खाली घालून भराभर पुढे निघाली. रेमेदिओस मागून म्हणाली, जरा हळू, आमचे गुडघे तुझ्यासारखे राजवाड्यात नाही वाढलेत.

आत एन्कार्नाने जमेल तसं रेटलं. ही सुलतानाची दालनं, ही जाळी, भिंतीवर ही अक्षरं कोरलेली. लोक माना डोलावत होते. मग ते आरायानच्या चौकात आले. लांबलचक हौद, त्यात उलटा पडलेला बुरूज, पाणी अगदी निश्चल. आणि दोन्ही काठांनी ती हिरवी रांग. इथे बाबा रोज यायचा. आपण बाहेर भिंतीला टेकून बसायचो आणि हे सगळं इथे, हाकेच्या अंतरावर होतं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. नकळत तिने एक पान खुडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं.

वास तो नव्हता.

तिने दुसरं पान खुडलं. तेवढ्यात पलीकडून एक माळी आला, हातात कात्री, चाळिशीचा असेल. एलोय असं त्याच्या शर्टावर लिहिलेलं होतं. त्याने नम्रपणे सांगितलं, की बाई, पानं तोडू नका.

"हा आरायान नव्हे," एन्कार्ना म्हणाली.

"आरायानच आहे, बाई. नऊ वर्षं छाटतोय मी."

"मग नऊ वर्षं भलतंच छाटतोयस. खऱ्याचं पान माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं असतं. आणि वास असा, की साबणानेही जात नाही."

एलोयने कात्री खाली ठेवली. तुम्ही कुठे पाहिलात, त्याने विचारलं. तिने सांगितलं, माझ्या बाल्कनीत. इथलीच काडी आहे, बापाने दिलेली, आता कठड्याच्या वर गेलीय. ती जुनी जात, तो म्हणाला, इथे नंतर दुसरी लावली. आता एखाद-दुसऱ्या जुन्या घराच्या बागेत उरली असेल. इथल्याच झाडाची काडी मिळाली तर सोनं होईल, जिथे होती तिथेच परत लावता येईल.

त्याने खिशातून वही काढली. "ही मंडळी सांगतायत, तुम्ही लहानपणी इथेच खेळायचात. मग तुम्हालाच ठाऊक. जुनी झाडं दोन्ही बाजूंना होती, की एकाच? आणि उंची? गुडघ्याएवढी, की कमरेएवढी?"

चौतीस माणसं कान टवकारून उभी. एन्कार्नाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कमरेएवढी म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? पण हा माणूस ते लिहून घेणार, आणि तसंच लावणार. बाबाने चाळीस वर्षं गुडघ्यावर बसून जे राखलं, ते तिच्या एका थापेने कायमचं वाकडं व्हायचं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी आज पहिल्यांदाच आत आलेय. डबा घेऊन यायचे, ते बाहेरच्या बाहेर. बाकीच्या सगळ्या थापा."

तिला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

"ते आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," रेमेदिओस म्हणाली. "अगं, तुझ्या चौकात सिंह कधी आठ असायचे, कधी सोळा. तुझा बाबा मात्र दर वेळी तसाच असायचा. म्हणून ऐकायचो."

"आणि तरी मला वाटाड्या केलंस?"

"नाहीतर तू आत पाऊल ठेवलं असतंस का? पुढच्या रविवारी जाऊ, म्हणत बसली असतीस."

एन्कार्ना रडली. सगळ्यांसमोर, हौदाच्या काठावर, नाक शिंकरत रडली. रेमेदिओसने रुमाल पुढे केला. जुनी झाडं कुठे होती ते जुन्या फोटोंतून शोधू, एलोय म्हणाला, आणि त्याने वहीत पहिल्या ओळीला सेराफीनचं नाव लिहून घेतलं.

नोव्हेंबरमध्ये ती परत आली. बरोबर रेमेदिओस, पिशवी धरायला. नदीकडचा चढ दोघी चार ठिकाणी थांबत चढल्या. एलोय लहान दाराशी उभा होता. त्याने ते पुरतं उघडलं आणि बाजूला झाला. एन्कार्ना त्या दारातून आत गेली. आत ओली माती, पाण्याच्या झाऱ्या आणि भिंतीला टेकवलेली खोरी होती.

तिने पिशवीतलं फडकं काढलं. ओलं होतं, आत सहा काड्या. गाडीत तिने पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, बाबाविषयी, त्या न आलेल्या रविवारांविषयी. पण फडकं एलोयच्या हातात दिलं तेव्हा एवढंच तोंडातून निघालं.

"पाणी बेताने घाल," ती म्हणाली.

तिच्याच्याने पुढे बोलवेना. स्टेशनात बाबाचंही असंच झालं असणार, हे तिला आज कळलं.