खांबावरची हाक

"पायांकडे बघू नकोस, लिओनी. माझ्या पाठीकडे बघ. मी वळलो की तू वळ."

हा आवाज गॅरेथचा, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातला. तेव्हा मला बर्फावर धड उभंही राहता येत नव्हतं. पायांत लांबलचक स्की, हातांत काठ्या, आणि खाली नुसता पांढरा उतार. तो मागे वळून न बघता निघायचा. त्याचं निळं जाकीट डावीकडे झुकलं की मी डावीकडे, उजवीकडे झुकलं की मी उजवीकडे. असं करत करत एका दुपारी मी न पडता खाली पोचले. खाली उभा राहून तो म्हणाला, "एक दिवस तू पुढे, मी मागे. वचन दे." मी म्हटलं, "दिलं." आणि दोघंही हसलो, कारण असं काही कधी होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दरवर्षी जूनमध्ये, आमच्याकडचा हिवाळा सुरू होताना, राजाच्या वाढदिवसाची सुट्टी येते. राजाचा खरा जन्म कुठल्या महिन्यातला, याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. रविवारला जोडून सोमवार मिळतो आणि डोंगरावर हंगाम सुरू होतो, बर्फ असो नाहीतर नसो. आम्ही गोलबर्नहून निघतो आणि वर मिलेनाच्या 'करावाँग' नावाच्या लॉजमध्ये उतरतो. मुलं झाल्यावर माझं बर्फावर जाणं कमी झालं. मग गुडघा दुखावला. गुडघा बरा झाला तोवर मला खानावळीच्या खिडकीत बसून बघायची गोडी लागली होती. चहाचा कप, लोकरीचं विणकाम आणि दूरवर निळं जाकीट. एवढं मला पुरायचं.

यंदा गाडी मी चालवत होते. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं, गॅरेथच्या नजरेच्या मधोमध जो करडा डाग आलाय तो जाणार नाही, वाढेल. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसलं जाईल. आता त्याला माझ्याकडे बघायचं झालं तर तो माझ्या कानापलीकडे बघतो. सुरुवातीला मी मागे वळून पाहायची, तिकडे कोण आलंय म्हणून. हल्ली कळतं. त्याची नजर कानाशी आली की तो मला बघत असतो.

त्याचे स्की नेहमी गाडीच्या टपावर बांधलेले असतात. यंदा त्यानं ते घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवले होते, झोपलेल्या पोराला ठेवावं तसे. मी काही विचारलं नाही. 'करावाँग'च्या जेवणघराची ती भिंत मला माहीत होती. जो कुणी बर्फावर जाणं कायमचं सोडतो, तो हंगामाच्या पहिल्या सोमवारी आपले स्की तिथे टांगतो. खिळा मिलेना देते, ठोकायचा ज्याचा त्यानं. मग सगळे पेले उचलतात. मिलेनाच्या वडिलांचे, ते चेकोस्लोव्हाकियातून इथं येऊन हे घर बांधून बसले त्या काळातले, लाकडी स्की सगळ्यांत वर आहेत. त्या भिंतीवर गेलेली जोडी परत खाली आलेली कुणी पाहिलेली नाही.

"खांब सुरू झाले का?" त्यानं विचारलं. बर्फात रस्ता हरवू नये म्हणून कडेनं लावलेले उंच पिवळे खांब.

"झाले."

"आणि बर्फ?"

"गवत आहे. एक वोंबॅट चरतोय."

"छान. म्हणजे माझं काही बुडत नाहीये."

मिलेना दारातच उभी होती, हात पिठाचे. आता सत्तरी ओलांडली तिनं, पण बोलणं तसंच.

"गवतावरून घसरायला आलात होय? या. सूप गरम आहे."

"मिलेना, तुमच्या त्या बरणीत खिळे आहेत ना?" गॅरेथनं विचारलं.

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खिळ्यांना काय तोटा. भिंतीलाच जागा उरली नाहीये. आधी जेव."

जेवल्यावर तो तळघरातल्या वाळवणखोलीत गेला, जिथं ओले बूट आणि हातमोजे सुकत टांगलेले असतात. बऱ्याच वेळानं मी खाली डोकावले. स्की बाकावर उलटे ठेवून तो त्यांना मेण लावत होता. छोटी इस्त्री हळूहळू फिरवायची, मग बोटांच्या पेरांनी चाचपून बघायचं, कुठे कोरडं राहिलं का. डोळे मिटलेले होते. वितळलेल्या मेणाचा वास मला फार आवडतो, आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्या विझवल्यावर येतो तसा. मिलेना कोळसे न्यायला आली होती.

"भिंतीवर जाणाऱ्याला मेण कशाला रे?"

"लोखंडी कडा गंजतात नाहीतर."

"भिंतीवर कोण बघतंय कडा?"

त्यानं इस्त्री परत एकदा फिरवली. मी पायरीवरच थांबले. टांगायचे म्हणून कुणी एवढ्या मायेनं मेण लावत नाही, असं मला वाटलं, आणि मी तशीच वर निघून आले.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी बर्फ पडायला लागला. आवाज नसतो त्याला. सगळ्यांचं बोलणं आपोआप हळू झालं. बाहेर निलगिरीच्या झाडांची वळलेली, रंगीत पट्ट्यांची खोडं एकेक करून पांढरी होत गेली. गॅरेथ काचेला कपाळ टेकून उभा होता.

"पडतोय?"

"पडतोय."

"मला नुसतं हलतंय असं दिसतं. दूध हलतंय तसं."

रविवारी सकाळी खाली वस्तीतल्या चॅपेलमध्ये प्रार्थनेला गेलो. माझा एक नेम आहे. सकाळची माळ पुरी होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. गॅरेथचा देवाशी फारसा परिचय नाही, पण इतक्या वर्षांत त्यानं तो नेम कधी मोडू दिला नाही. उलट लोकांना सांगतो, "हिच्यामुळे माझी सकाळ शांत जाते." माझा आवाजही मुळात बारीक. दुकानात मला दोनदा सांगावं लागतं. त्यावर त्याचं ठरलेलं आहे, "तुझं बोलणं देवाला ऐकू जातं, मला जात नाही."

परत येताना ढग उतरला. डोंगरावर तो येतो तेव्हा येताना दिसत नाही. आत्ता समोर झाडं होती, आत्ता काही नाही. वर, खाली, बाजूला, सगळा एकच रंग. पाय बर्फात रुतत होते पण जमीन कुठे आहे कळत नव्हतं. मला गरगरल्यासारखं झालं. मी गॅरेथची बाही धरली.

"काही दिसत नाही," मी म्हटलं.

"मग आज आपण सारखे." त्याचा आवाज शांत होता, जवळजवळ आनंदी. "हा खांब धर. सोडू नकोस. मी पुढच्या खांबापर्यंत जातो, तिथून हाक मारतो. तू उत्तर दे, मगच माझ्या आवाजाकडे निघ. उत्तर आलं नाही तर मी परत येईन. जुन्या लोकांची रीत आहे ही, मिलेनाच्या वडिलांनी शिकवलेली."

त्यानं बाही सोडवून घेतली आणि दुधात विरघळावा तसा नाहीसा झाला. मी खांबाला मिठी मारून उभी. थोड्या वेळानं दुरून हाक आली, "लिओनी."

"आले," मी म्हटलं.

पुन्हा, "लिओनी."

"आले रे."

मग काहीच नाही. मग बर्फात पावलं वाजत आली आणि तो समोर उभा राहिला, माझ्या कानापलीकडे बघत.

"उत्तर का नाही दिलंस?"

"दिलं की."

"देवाला दिलं असशील. मला पोचलं नाही. लिओनी, इथं पुटपुटून चालत नाही. पोटातून बोलायचं."

तो पुन्हा गेला. पुन्हा हाक आली. मी डोळे मिटले, श्वास घेतला आणि ओरडले, "आले." कुठल्या तरी झाडातून करावाँग पक्षी फडफडत उडाले. तो आवाज माझा आहे हे मलाच पटेना. पलीकडून त्याचं हसणं ऐकू आलं.

"कोण आहे तिकडे? माझी बायको कुठे गेली?"

मी हसत त्या हसण्याकडे चालू लागले. पुढच्या खांबापर्यंत, मग त्याच्या पुढच्या. पायांखाली काय आहे बघायची गरजच उरली नव्हती. आवाज होता, मी त्याच्याकडे जात होते. तीन-चार खांब मागे पडल्यावर माझ्या मनात आलं, दिसत तर मलाही नाहीये, आणि तरी मी चालले आहे. पुढचं पाऊल टाकता टाकता मी थांबलेच.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. बोलत राहा."

जेवणानंतर ढग वर गेला. गॅरेथ शेकोटीशी पेंगत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन मिलेनाच्या कानात सांगितलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तू? किती वर्षं झाली तुला?"

"पुष्कळ."

"गुडघा?"

"तो काही बोलत नाहीये सध्या."

तिनं मला बूट दिले, स्की दिले, आणि मागच्या दारानं मुलांच्या उतारावर घेऊन गेली. तो उतार म्हणजे आपल्या अंगणाला येतो तेवढाच. दोरीला धरून वर जायचं, सरकत खाली यायचं. लहान मुलं माझ्या दोन्ही बाजूंनी सुसाट जात होती. मी एकदा पडले, तेही बसल्यासारखी. नंतर पाय आपसूक आठवायला लागले. मिलेना खाली उभी राहून सांगत होती, "ओरड. वळायच्या आधी ओरड, वळल्यावर नाही. मागच्याला वेळ लागतो."

"डावीकडे," मी म्हटलं.

"हे मला ऐकू आलं नाही, आणि माझे कान चांगले आहेत."

"डावीकडे."

मुलांनी वळून पाहिलं. मला लाज वाटली, पण थोडीशीच.

रात्रीच्या जेवणाला गोमांसाचा रस्सा आणि वाफवलेले पिठाचे गोळे होते. इतर पाहुणे ताज्या बर्फावर खूश होऊन बोलत होते. गॅरेथनं चमचा ठेवला आणि म्हणाला, "मिलेना, उद्यासाठी माझा खिळा."

मिलेना बरणी घेऊन आली. त्यातला एक जाड खिळा निवडून तिनं त्याच्या ताटाशी ठेवला. तो त्याच्यावर बोट फिरवू लागला. मी हात पुढे केला आणि खिळा उचलून स्वेटरच्या खिशात टाकला.

"कुणी घेतला?"

"मी."

"लिओनी."

"सकाळी आधी एकदा उतारावर. मग ठोकायचा तर ठोक. मी अडवणार नाही."

"कुठल्या उतारावर? मला तुझं नाकसुद्धा दिसत नाही धड."

"मुलांच्या. मी पुढे, तू मागे. मी वळायच्या आधी सांगेन."

 गॅरेथची नजर माझ्या कानाशी आली आणि तिथेच थांबली.

"तू गेली कित्येक वर्षं खिडकीत बसलीयस."

"आज दुपारी नव्हते."

मिलेना ताटं उचलायला लागली. "मला यातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. "पण दारामागे एक केशरी बंडी आहे. रस्त्यावरचा बर्फ काढणारा विसरून गेलाय. इतकी भडक आहे की मला पाठ करूनही दिसते."

गॅरेथनं खाली बघून पाव मोडला. "आणि पडलो तर?"

"तर बसल्यासारखं पडायचं. मी करून पाहिलंय."

तो हसला नाही. पण खिळा परत मागितलाही नाही.

सोमवारी जाग आली तेव्हा तो बिछान्यात नव्हता. मी तोंड धुतलं, माळ घेतली, आणि मनात प्रार्थना म्हणत खाली आले. दारामागची केशरी बंडी अंगात घातली. बाहेर सूर्य अजून डोंगराआड होता, बर्फ निळसर दिसत होता, आणि इतकं शांत की माळेचे मणी एकमेकांना लागल्याचं ऐकू यावं.

तो पायरीशी उभा होता. निळं जाकीट. मेण लावलेले स्की खांद्यावर. मला बघून, म्हणजे माझ्या बाजूच्या हवेत बघून, त्यानं मान हलवली. बोलला नाही. माळ चालू आहे हे त्याला माहीत होतं.

आम्ही उतारावर चढून गेलो, मी अर्धं पाऊल पुढे, त्याचा हात माझ्या दंडावर. मुलं अजून आली नव्हती. माथ्यावर पोचून मी बूट स्कीत अडकवले, त्याचेही अडकल्याचा आवाज ऐकला. खिशात खिळा होता. शेवटचा मणी फिरवून मी माळही आत सोडली.

मग मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. मागे त्याचा श्वास ऐकू येत होता, थोडा जोरात.

"दिसतंय काहीतरी," तो हळूच म्हणाला. "कडेला. केशरी."

मी पायांकडे पाहिलं नाही. पोटभर श्वास घेतला आणि निघाले.