खालची खोली

कुलूपवाल्याची बोटं गेली की पोट गेलं. थोरल्याचा उजवा हात यंत्रात सापडला, तेव्हा दवाखान्यात पडल्या पडल्या तो देवाला बोलून बसला, "बोटं वाचव, खालची खोली तुझी." बोटं वाचली. मग दिल्या शब्दाला जागायचं म्हणून त्याने राहत्या घराची तळमजल्यावरची खोली चर्चला प्रार्थनेसाठी दिली, दाराला स्वतःच्या हाताने केलेलं कुलूप घातलं आणि एकुलती एक किल्ली पाळकसाहेबांच्या स्वाधीन केली. "दुसरी करून ठेवली तर दिलं काय मग?" असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. लोकांनी वाहवा केली. वाहवा करायला कुणाचं काय जातंय!

त्यानंतर आईच्या खुब्याचं हाड मोडलं.

आईची खाट वरच्या मजल्यावर, न्हाणीघर खाली, आणि मधला जिना असा अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकाने माघार घ्यायची. धाकटी घरातच शिवणकाम करायची. आईने काठीने जमीन ठोकली की मशीन थांबवायची, आईला पाठुंगळी घ्यायची आणि भिंतीला धरून उतरायची. "देवाला खोली मिळाली, मला घोडा मिळाला," असं म्हणून आई सुरुवातीला हसायचीसुद्धा. पुढे ती पाणी कमी प्यायला लागली. लेकीला कमी वेळा उचलावं लागावं म्हणून. धाकटीच्या हे लक्षात आलं तेव्हा तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला.

"दादा, खोली परत माग. आईची खाट खाली आणू."

"देवाला दिलेलं परत मागू?"

"देव कुठे राहतो तिथे? बुधवारी तासभर येतो. बाकी आठवडाभर खुर्च्या राहतात."

"पाळकसाहेबांना विचार. माझ्या हातात काही नाही आता."

पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस गोड बोलणारा. "तुमचं दुःख मला कळतं, ताई. पण अर्पण केलेलं माघारी घेतलं तर मंडळीने काय शिकायचं? आईंसाठी मी रोज प्रार्थना करतो." आणि ते खरंच करायचे, हे धाकटीला ठाऊक होतं. म्हणून तर जास्त चीड यायची.

पुढच्या बुधवारी वाचनाला शुभवर्तमानातला नेमका तो भाग आला, जिथे येशू शास्त्री-परूश्यांची खरडपट्टी काढतो. आईबापाला जे द्यायचं तेच देवाला वाहिलं म्हणता, आणि आईबापाच्या बाबतीत हात झटकून मोकळे होता, असं तो त्यांना सुनावतो. वाचत होता थोरला. त्याचा आवाज चांगला, वाचन नेहमी त्याच्याकडेच. अर्ध्यावर आला आणि वर काठी वाजली. तो थांबला. त्याने एकदा छताकडे पाहिलं आणि मग आवाज चढवून उरलेलं वाचून टाकलं.

"पाहा," पाळकसाहेब म्हणाले, "त्या काळचे धर्मपुढारी किती निष्ठुर होते." माना डोलल्या.

आईकडे निघालेली धाकटी दारातच थबकली. "आणि या काळचे?"

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "ताई, वचनाचा अर्थ असा घरगुती करायचा नसतो."

काठी पुन्हा वाजली, तशी ती वर गेली.

महिनाभरात आईला ताप भरला. मूत्रपिंडात जंतू गेलेत, म्हणाले डॉक्टर. "पाणी पीत नव्हत्या का?" यावर थोरला म्हणाला, "लक्षात नाही आलं." एका सकाळी आई गेली.

शवपेटी जिन्याच्या वळणावर अडली, वर जाईना. शेवटी शेजाऱ्यांनी आईला चादरीत धरून खाली आणलं. ठेवायचं कुठे? खोलीला कुलूप, आणि किल्ली घेऊन पाळकसाहेब परगावी. माणसं चादरीची टोकं धरून ताटकळली. थोरल्याने खिशातून तार काढली, दारापाशी वाकला, बोटं जराशी हलवली. शेजाऱ्यांना हात बदलायलाही वेळ मिळाला नाही, कुलूप उघडलं होतं.

"उघडता येत होतं तुला?" धाकटीने विचारलं.

"मीच केलंय ते."

खुर्च्या बाहेर काढल्या आणि आईला मधोमध ठेवलं. खोली ऐसपैस होती, खाटेशेजारी शिलाई मशीनसुद्धा मावली असती. दुपारी पाळकसाहेब आले. उघडं कुलूप पाहून त्यांनी थोरल्याच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस. अशा वेळी देव नाही म्हणत नाही."

संध्याकाळी आईला माती देऊन दोघं परतली आणि त्या रिकाम्या खोलीत जमिनीवरच बसली. थोरला म्हणाला, "त्या वचनाचा अर्थ आज कळला मला."

"वरातीमागून घोडं," धाकटी म्हणाली. "आणि खोटं बोलू नकोस, दादा. तुला त्या बुधवारीच कळला होता. काठी वाजली तेव्हा तू थांबला होतास."

उजवा हात मांडीखाली घेऊन थोरला बसून राहिला.