काळी माती, माझी सवत

मी एक रंगपेटी. सागवानी लाकडाची, पितळी कडीची, उघडली की जवसाच्या तेलाचा वास सोडणारी. माझ्या पोटात तैलरंगांच्या नळ्या आणि कुंचले असतात, झाकणात रंग कालवायची फळी अडकवलेली असते. आज मी बोलणार आहे ती माझ्या सवतीबद्दल. लाकडाच्या पेटीला कसली आलीय सवत, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर खरं.

मुंबईच्या एका सुतारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मला घेतलं महादेवरावांनी. ते अमरावतीचे, मुंबईच्या चित्रशाळेत शिकत होते. मोठे हुशार. पदविका मिळाली तेव्हा त्यांना पुढच्या वर्गात बसायचं होतं, पण त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. मागे धाकटी भावंडं होती. महादेवराव मला काखोटीला मारून वऱ्हाडात परतले आणि शाळेत चित्रकलेचे मास्तर झाले.

त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांनी फळ्यावर खडूनं पेला काढला, कमंडलू काढला, सीताफळाचं पान काढलं. मला मात्र दिवाळीला तेवढं खाली घ्यायचे. फडक्यानं पुसायचे, झाकण उघडून एकदा वास घ्यायचे आणि पुन्हा फडताळावर ठेवायचे. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली, की तो तिच्याकडे बघायचंही टाळतो. हे मी तेव्हा शिकले.

मग गोवर्धन आला. अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्या पुंजारामचा हा मुलगा इंग्रजी शाळेसाठी अमरावतीला राहायचा. त्याची रेघ बघून मास्तरांच्या डोळ्यांत जे चमकलं, ते मी कधीच पाहिलं नव्हतं. तो मुंबईला निघाला तेव्हा मास्तरांनी मला त्याच्या हाती दिलं. म्हणाले, "मी जिथं थांबलो ना गोवर्धन, तिथून तू फुडं जा."

मुंबईतली ती वर्षं माझ्या सुखाची. गोवर्धनच्या नखांत माझा निळा असायचा, सदऱ्यावर माझा गेरू असायचा. तो झोपायचा तेव्हा मी त्याच्या उशाशी असायचे. हा माणूस माझा, असं मला वाटलं यात माझं काय चुकलं?

शेवटच्या वर्षी त्याची आई, गोदाबाई, तापानं गेली. निरोप पोचून तो गावी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचा एकही फोटो घरात नव्हता. पानमळ्यात राबणाऱ्या बाईचा फोटो कोण काढतो?

पदविका घेऊन गोवर्धन अमरावतीला आला, मास्तरांच्याच शाळेत शिकवू लागला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या भागात अशी पदविका मिळवलेले लोक बोटांवर मोजण्याइतके. पण त्याला पुढं शिकायचं होतं. मास्तरांचं ठरलेलंच होतं: मुंबईचा पुढचा वर्ग, तैलचित्र. गोवर्धन मधूनच बंगालचं नाव काढायचा. तिकडं कागदावर पाण्याच्या रंगांनी पातळ, धुकट चित्रं काढतात म्हणे. ते ऐकूनच माझ्या नळ्या आखडायच्या. पण ते खूळ लवकर ओसरलं. खरं संकट भलतीकडून आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मला घेऊन अंजनगावला गेला. आईचं चित्र काढायचं त्यानं मनात घेतलं होतं. पानमळ्याच्या सावलीत कॅनव्हास लावला आणि आठवून आठवून रंगवू लागला. मी माझं सगळं दिलं. कपाळाच्या कुंकवाला लाल दिला, लुगड्याला हिरवा दिला, गालाला माझ्याकडचा सर्वांत महागडा गुलाबी दिला. चित्र झालं तसं त्यानं वडिलांना बोलावलं.

पुंजारामनं नीट पाहिलं. मान डोलावली. "सुरेख हाय रे. कोनाची बाई हाय?"

वडील कामाला वळल्यावर गोवर्धननं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं सगळा चेहरा पुसून टाकला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला.

अशाच एका दुपारी तो मळ्यातल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला बसला होता. मी शेजारी उघडी पडले होते. त्याचा हात पाण्यात गेला, गाळाचा गोळा हातात आला आणि तो नुसता दाबत बसला. मग अंगठ्यानं एक खळगा केला. मग दुसरा. मी पाहते तो काय, ते आईचे दोन डोळे होते. माझ्या रंगांना महिनाभर न सापडलेले.

तेव्हापासून तो मला विसरला. विसरला म्हणजे अगदी विसरला. माझं झाकणही लावलं नाही. माझे रंग फळीवर वाळून खडे झाले, कुंचल्यांचे केस ताठले. आणि ती? फुकट मिळणारी, पायदळी तुडवली जाणारी काळी माती! बैलाच्या खुराला लागते, पावसात चपला ओढून घेते. तिच्यासाठी यानं मला टाकलं.

मातीतून घडवलेला आईचा तो मुखवटा तिसऱ्या दिवशी भेगाळला. काळ्या मातीचा स्वभावच तो. ओली असली की लोणी, वाळली की चिरा. नाकावरून हनुवटीपर्यंत तडा गेला, आणि खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की माझी कडी आपोआप वाजली असं मला वाटलं. आता येईल माझ्याकडे, म्हटलं.

तो आला नाही. त्यानं सरकी काढलेला कापूस पिंजला, मातीत कालवला आणि नव्यानं सुरुवात केली.

त्याची बायको शकुन भाकरी घेऊन यायची. ती एकदा बघत उभी राहिली आणि म्हणाली, "एक सांगू? तुमी रंग घेता तवा तुमच्या कपायाले आठ्या पडतात. मातीत हात असला का पडत नाई."

"मले तं कयलंच नाई," तो म्हणाला.

"तुमाले कसं कयन? तुमी तं मातीकडं पाहून राहिले."

त्या दिवशी मला शकुनचाही राग आला.

मूर्ती पुरी झाली. खांद्यापासून वर, डोक्यावर पदर, ओठ किंचित पुढं आलेले, आता काही बोलणार असे. गोवर्धन पाय धुवायला विहिरीवर गेला होता. मूर्ती एका चौरंगावर होती आणि सावली सरकून तिच्यावर ऊन आलं होतं. पुंजाराम पानांच्या टोपल्या घेऊन तिकडून निघाला. थांबला. टोपल्या खाली टाकल्या. खांद्यावरचं उपरणं काढून पाटात बुडवलं, पिळलं आणि अलगद मूर्तीच्या डोक्यावर, गालांवर पांघरलं. मग पोरावर ओरडला, "गोवर्धन! इतल्या उन्हात हिले कावून ठेवलं बे? तिले ऊन सोसत नाई, ठाऊक नाई तुले?"

गोवर्धन धावत आला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. आपण काय बोललो ते म्हाताऱ्याला तेव्हा उमगलं. तो तिथंच बांधावर बसला आणि उपरण्याचं टोक डोळ्यांना लावून रडला.

मी सगळं पाहत होते. माझ्यावर कुणी कधी ओलं फडकं पांघरलं नव्हतं.

सुट्टी संपताना गोवर्धननं मूर्तीचा फोटो काढवून मद्रासच्या कलाशाळेतही अर्ज धाडला; मुंबईचा मास्तरांनी आधीच भरायला लावला होता. मूर्तिकलेचा अभ्यास, तोही अगदी पहिल्या पायरीपासून. पावसाळ्याच्या तोंडाशी दोन्हीकडून होकार आले, मुंबईहून आणि मद्रासहून. तो मला घेऊन अमरावतीला मास्तरांच्या घरी गेला. मला वाटलं, अजून आशा आहे. मास्तर आहेत ना.

"मास्तर, मी मद्रासले जाऊन राहिलो," तो म्हणाला.

मास्तरांचा चहाचा कप हातातच राहिला. "मुंबईत तुझी जागा पक्की हाय. वरच्या वर्गात बसशीन. तिकडं पोरासोरांत बसून मातीचे गोळे करशीन? भाषा येत नाई, मानूस ओयखीचा नाई."

"हो."

"मंग कावून?"

गोवर्धन म्हणाला, "मी मुंबईले गेलो तं तुमचं राहिलेलं शिक्षन पुरं होईन, मास्तर. माझं नाई होनार."

मास्तर उठले, आमच्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले. त्या पाठीत राग होता, दुःख होतं आणि माझ्यात होती ती जळजळही होती. ज्याला मिळालं तो सोडून चाललाय, आणि ज्याला हवं होतं त्याला कधी कुणी विचारलंच नाही! शेवटी ते न वळता म्हणाले, "पेटी ठेवून जाय."

बडनेऱ्याहून गोवर्धनची गाडी मद्रासकडे गेली. मी पुन्हा फडताळावर.

पण या खेपेला मास्तरांनी दिवाळीची वाट पाहिली नाही. चार-आठ दिवसांतच मला खाली घेतलं. वाळलेले रंग सुरीनं खरवडले, कुंचले रॉकेलात भिजत घातले, आणि शाळा सुटल्यावर एक कॅनव्हास समोर ठेवला. पहिली चित्रं वाईट होती, मी खोटं बोलणार नाही. पेला आणि कमंडलूच यायचा. तरी ते रोज बसले. हळूहळू रंग हलके झाले, आणि एके दिवशी संध्याकाळच्या निळ्या उजेडात दिवा लावणारी त्यांची थोरली बहीण, दुर्गाबाई, कॅनव्हासवर उमटली.

पुढच्या उन्हाळ्यात गोवर्धन भेटायला आला. हडकुळा झाला होता, नखांत प्लास्टर, बोटांना घट्टे, पण चेहरा उजळलेला. तेलाचा वास त्याच्या अंगाला उरला नव्हता. तो माझ्याकडे ढुंकूनही पाहणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्यानं पाहिलंही नाही. तो दुर्गाबाईच्या चित्रापुढं उभा राहिला. खूप वेळ.

"हा निया कसा साधला, मास्तर?" त्यानं चित्रातल्या निळ्या उजेडाकडे बोट केलं. "मले कधीच नाई साधला."

मास्तर नुसते हसले. मी गोवर्धनच्या डोळ्यांत पाहिलं. ती नजर मला नीट ओळखू आली. जळत होता तो!

म्हणून सांगते, ज्याला जे निवडायचं ते त्यानं खुशाल निवडावं. मातीशी माझं आजही जमत नाही, जमणारही नाही. पण जाताना मागची पेटी कडी लावून कोनाड्यात डांबू नका. ज्याचे हात रिकामे आहेत, त्याच्या हाती द्या.

आता थांबते. मास्तर शाळेतून आले आहेत आणि माझी कडी उघडताहेत.