लिंबूटिंबू

घार हे नाव त्याला बंदरावरच्या यार्डात पडलं. उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून तो जहाजातल्या लोखंडी पेट्या ट्रकवर इतक्या अलगद ठेवायचा, की आतल्या ड्रायव्हरला हादरासुद्धा बसायचा नाही. मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्येही त्याने तेच नाव घेतलं होतं. डोंगरावर दबा धरून बसायचा आणि लांबून नेम साधायचा. समोरचा पडला तरी गोळी कुठून आली हे त्याला कळायचं नाही.

मग त्याचे हात जायला लागले. आधी कप निसटला, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव आईला कधीच नीट म्हणता आलं नाही. स्नायू हळूहळू मरत जाणार आणि त्यावर औषध नाही, एवढंच तिला कळलं. यार्डाने त्याला केबिनमधून खाली उतरवलं ते कायमचं. दिवसभर तो खिडकीपाशी, मांडीवर उशी आणि उशीवर फोन ठेवून खेळत बसायचा.

त्याची थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. एकदा ती लवकर घरी आली, तेव्हा फोनचा आवाज मोठा होता. कुणीतरी अनोळखी पोरगा ओरडत होता, "कोण आहे रे हा? फोन मांजराच्या पायात दिलाय का? काढा याला!" त्याच्याच गटाने त्याला बाहेर काढलं. बहिणीला पाहून त्याने फोन पालथा घातला.

"गेम बेकार झालाय हल्ली," तो म्हणाला.

तोवर तिने कधी गेमला हात लावला नव्हता. दुकानात जेवणाच्या सुट्टीत ती एकेक गोष्ट शिकली. गेममध्ये स्वतःची खाजगी रूम उघडता येते. तिला पासवर्ड असतो आणि आपण सांगू तोच आत येतो. मैदान कुठलं, बंदुका कुठल्या, हे रूम उघडणारा ठरवतो. सगळं जमल्यावर तिने पैलवानाला फोन केला. पैलवान म्हणजे यार्डातला घारीचा जोडीदार. फुंकर मारली तर उडून जाईल असा, म्हणून पैलवान.

"संध्याकाळी दोघातिघांना घेऊन रूममध्ये ये. आणि एक ऐक, त्याला जिंकू दे."

"ताई, त्याला कळेल."

"नाही कळणार. माणसाला जे हवं असतं ते लगेच पटतं."

आणि खरंच, घार जिंकायला लागला. पैलवान मुद्दाम त्याच्या नेमासमोर धावायचा, मेला की "आई गं, कुठून मारलंस?" म्हणून बोंबलायचा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून बहीणही खेळायची आणि मरायची. घारीचा चेहरा उजळायचा. दाढी करून द्या म्हणायला लागला, आईशी भांडायलाही लागला. आईला तर तो बरा होतोय असंच वाटायला लागलं.

एक दिवस खेळ सुरू झाला आणि घार डोंगरावर गेलाच नाही. मोकळ्या मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. बंदूकही खाली टाकली. चौघेजण भोवती होते. कुणी झाडामागे, कुणी भिंतीआड. एकही गोळी सुटली नाही.

"मारा की," तो म्हणाला.

झाडामागचा एकजण आणखी मागे सरकला.

"पैलवान, मी समोर उभा आहे. मार."

"नेटवर्क गेलंय रे बहुतेक," पैलवान फोनमधून पुटपुटला.

"नेटवर्क?" घारीचा आवाज फाटला. "लहानपणी शेंबड्या पोरांना खेळात घ्यायचो, लिंबूटिंबू म्हणून. त्यांच्यावर राज्य यायचं नाही, ती बाद व्हायची नाहीत. तेच केलंत ना माझं? अरे, मग उद्या खरंच मेलो तरी मोजू नका मला!"

त्याने टेबलापलीकडे बहिणीकडे पाहिलं. तिने नेम धरला आणि गोळी झाडली. पहिली चुकली. दुसरी लागली. त्याच्या फोनचा पडदा लाल झाला.

"भिकार नेम आहे तुझा," तो म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात वर येत नव्हता. तिने उठून पुसलं. त्याने मान फिरवली नाही.

त्यानंतर कुणी त्याला सूट दिली नाही. तो रोज हरायचा, शिव्या घालायचा. बाकीच्या दोघांना ते बघवेना; एकाची पाळी बदलली, दुसऱ्याचा फोन बिघडला. पैलवान तेवढा येत राहिला. घारीचा अंगठा पार थांबला, तेव्हा बहीण त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. तो बोलायचा, ती बोटं फिरवायची. डावीकडे. थांब. आता. पुढे त्याची जीभ जड झाली, पण तिला कळायचं.

अशाच एका संध्याकाळी पैलवान छपराआडून डोकावला आणि घार म्हणाला, "आता." गोळी थेट लागली. पैलवानाने कचकचीत शिवी हासडली.

घार बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग तोंडातल्या तोंडात काही बोलला. बहिणीने ते फोनमध्ये सांगितलं, "विचारतोय, खरंच मारलं का?"

"खरंच! आईशप्पथ!"

घारीने डोळे मिटले. त्याला ते पटलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. चेहऱ्यावर काही उमटण्याचे दिवस गेले होते.

थंडीत त्याचा श्वास थांबला. पोचवून परत येताना फाटकापाशी बहिणीने पैलवानाला गाठलं.

"त्या दिवशी तू मुद्दाम डोकावलास का रे?"

पैलवान चपलेने माती उकरत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "ते नको विचारूस." आणि पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेला.