फादर क्षमा देईनात

रविवारच्या मिस्साला जाताना फिलोमीनाबाई चर्चच्या फाटकाशी थांबायच्या, पर्समधून एक बिस्किट काढायच्या आणि मुकाट्यानं खायच्या. भूक वगैरे काही नाही. कम्युनियन, म्हणजे वेदीपुढं जाऊन फादरच्या हातून पवित्र भाकर घ्यायची, तर आधी तासभर पोटात काही जाता कामा नये, हा चर्चचा नियम. तो ठरवून मोडला, की "आज पुढं का नाही गेलात?" असं कुणी विचारल्यावर "खाल्लंय की मी" असं बिनदिक्कत सांगता येतं. खोटं बोलणं पाप ना! तेवढं एक पाप टाळण्यासाठी चौदा महिन्यांत बिस्किटांचे किती पुडे संपले, ते त्यांनाच ठाऊक.

खरं कारण सासूबाई. सुंदरम्मा अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी कॅन्सरनं गेल्या. शेवटचे तीन महिने सुनेनंच सगळं केलं. फिलोमीनाबाई चाळीस वर्षं नर्स होत्या, आणि दुसऱ्या कुणाचा हात म्हातारीला चालतही नसे. डॉक्टरांनी मॉर्फिनची इंजेक्शनं लिहून दिली होती. कळ सोसवेना झाली तर मध्ये एक जादा द्या, असंही सांगितलं होतं. एका दुपारी ती वेळ आली. सुंदरम्मा उशीचा अभ्रा दातांत धरून कण्हत होत्या. बाईंनी जादा इंजेक्शन दिलं, म्हातारी शांत झाली, आणि पाचच्या सुमाराला गेली. सगळे म्हणाले, सुटली बिचारी. फिलोमीनाबाईंनाही मनातून तसंच वाटलं, आणि तिथंच त्या अडकल्या.

कारण लहानपणचं धर्मशिक्षण त्यांना अजून घडाघडा पाठ होतं. आत्म्याचा घात करणारं महापाप व्हायला तीन गोष्टी लागतात: कृत्य गंभीर हवं, ते गंभीर आहे हे ठाऊक हवं, आणि तरी राजीखुशीनं केलेलं हवं. माणूस गेलं, म्हणजे गंभीर. या औषधानं श्वास मंदावू शकतो हे नर्सला ठाऊक नसेल तर कुणाला? आणि हात धरून कुणी सुई टोचायला लावली नव्हती. झालं! बाईंनी स्वतःवरच खटला भरला आणि स्वतःच निकाल देऊन मोकळ्या झाल्या. असं पाप फादरपुढं कबूल करून क्षमा मिळाल्याशिवाय कम्युनियन घेता येत नाही. फादरना विचारावं, तर तेही "होय, पापच" म्हणाले तर? त्या धास्तीनं त्या पाप कबूल करायच्या कन्फेशनकडे फिरकल्याच नाहीत.

आता मात्र पंचाईत झाली. नात आरोही आठ वर्षांची, आणि या रविवारी तिचं पहिलं कम्युनियन. पांढरा फ्रॉक शिवून आला त्या दिवशी पोरीनं फर्मान काढलं, "आज्जी, तू माझ्याबरोबर पुढं यायचंस. खाऊन आलीस तर बघ!"

शनिवारी दुपारी मुलांचं पहिलं कन्फेशन होतं. आरोहीला घेऊन आलेल्या बाईंनी रांग बघितली, पोरीला बाकावर बसवलं आणि, आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून सगळ्या पोरांच्या पुढं घुसून कन्फेशनच्या जाळीसमोर गुडघे टेकले. पलीकडे फादर अरुळप्पा होते, विजापूरकडचे, बाईंच्या मुलापेक्षाही लहान. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

"डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिलंत?" फादरनी विचारलं.

"न्हाय फादर. मापातच."

"कशासाठी दिलंत?"

"कळ थांबावी म्हणून. पण जीव जाऊ शकतो हे मला म्हाईत हुतं की!"

"माहीत असणं वेगळं, बाई, आणि तेच हवं म्हणून करणं वेगळं. तुम्ही दुखणं थांबवायला औषध दिलंत. मरण लवकर येईल ही भीती होती, पण ते तुम्ही आणायला गेला नव्हता. चर्च याला खून म्हणत नाही."

"देवा, सोडव रे तिला, असं म्हनले मी."

"देवालाच म्हणालात ना? मग ती प्रार्थना झाली."

"आनि ती गेल्यावर मला बरं वाटलं, त्याचं काय?" बाई हटायला तयार नव्हत्या.

फादरनी वेगळंच विचारलं. "इंजेक्शन दिल्यावर तुम्ही काय केलंत? जीव जायची वाट बघत बसलात?"

बाई उसळल्या. "वाट कशाला बघीन? तीन दिस पोटात काय न्हवतं तिच्या! कळ थांबली, आता उठली की दोन घास खाईल, म्हनून मी पेज टाकली की! उतू गेली ती. गॅस पुसत हुते मी, तवर हिकडं..."

आपलंच बोलणं त्यांनी आत्ता पहिल्यांदा ऐकलं होतं.

"पेज कुणासाठी होती?" फादरनी हळूच विचारलं.

"तिच्यासाठी."

"मग?"

बाईंच्या छातीवरून कुणी तरी वरवंटा उचलल्यासारखं झालं. पण इतक्या स्वस्तात सुटायची त्यांना सवय नव्हती. "मग क्षमा द्या की, फादर."

"कशाची? पाप नाही, तर क्षमा कसली देऊ?"

"असं कसं? प्रायश्चित्त तरी द्या. धा जपमाळा द्या. वीस द्या!"

मंडईत लोक भाव पाडतात. बाई इथं चढवत होत्या. फादर बधेनात. दुसरं काही असेल तर सांगा, म्हणाले. बाईंनी नाइलाजानं बिस्किट सांगितलं. जाळीपलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला.

"बाई, वयस्कर माणसांना तो उपास लागू नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे बिस्किट खाऊनही तुम्हाला कम्युनियन घेता आलं असतं."

फिलोमीनाबाई चर्चमध्ये नसत्या तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

"पण लोकांना चकवायला खाल्लंत, हे खरं," फादर म्हणाले. "आणि देवाला न विचारता चौदा महिने त्याच्या खुर्चीत बसून निकाल दिलात. या दोन्हींची क्षमा देतो. आज सासूबाईंसाठी एक जपमाळ म्हणा."

"एकच?"

"एकच."

बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या, जपमाळ हातात घेतली, सुंदरम्मांचं नाव मनात घेतलं आणि त्यांना हुंदका फुटला. चौदा महिने त्या रडत होत्या, पण आपलं काय होणार, या भीतीनं. सासू आता घरात नाही, म्हणून त्या आज पहिल्यांदा रडल्या.

आरोहीचा चेहरा उतरला. तिची पाळी आली होती. "आज्जी, आत फादर ओरडतात का गं?"

"न्हाय गं बाय," पदरानं तोंड पुसत आजी म्हणाली. "लई बरं वाटतंय. जा, समदं सांगून टाक. माज्यावानी थांबू नगंस."